अक्काचं पान

या, असे पुढं सरकून बसा. मागं बसलात तर ऐकू येईल, पण लागणार नाही, आणि ही गोष्ट लागावी म्हणूनच सांगायची आहे. त्या दयाळूनं आपल्याला कान दिले ते दुसऱ्याचं दुःख आत यायला वाट असावी म्हणून. तेव्हा मन इथं ठेवा. एका टेबलाभोवती चार माणसं बसली आहेत, आणि पाचवीला आत घ्यायचं की नाही यावरून घरात जुंपली आहे. पाचवी मरून एकोणीस वर्षं झालीत. तरी वाद मिटलेला नाही.

ते टेबल बाइंडिंगच्या दुकानातलं. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली होती, पण ताईनं काही मोडीत काढलं नव्हतं. भिंतीला पुस्तकं दाबून धरायचा लोखंडी शिकंजा, त्यात आता एक फाटकी छत्री अडकवलेली. कोपऱ्यात कटिंग मशीन, पात्यावर जुनी चादर. खिडकीपाशी अक्षरांच्या पितळी ठशांचा खोका. आणि वास तोच, खळीचा आणि सरसाचा. ताई त्या वासात वाढली, त्या वासात तिचे केस पांढरे झाले. आता अडुसष्ट वर्षांची होती, आणि रविवारच्या त्या दुपारी तिच्यासमोर तिच्या दोन वर्षांच्या वणवणीचं फळ पडलं होतं: घराण्याचं पुस्तक. पणजोबांपासून आजवर, माणशी एक पान. नोंदवह्या धुंडाळून, म्हाताऱ्याकोताऱ्यांपुढं बसून, खोडून, पुन्हा लिहून केलेलं. तावांचे फर्मे दुमडून, छिद्रं पाडून झाली होती. राहिली होती फक्त शिलाई.

त्या घरात एक रीत होती. घरचं पुस्तक असलं की शेवटची गाठ सगळ्यात थोरल्यानं मारायची. थोरले म्हणजे आता काका. चौऱ्याऐंशीचे. उभी हयात त्यांनी पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उठवली. आता हात थरथरायचे, पण कोणाचं अक्षर वाकडं बसलंय हे दहा पावलांवरून सांगायचे.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "हे पान काढ."

"काका, आधी ऐका तरी," ताई म्हणाली.

"ऐकलं. मास्तरीणबाईंनी चांगलं खणखणीत वाचलं. काढ."

मास्तरीणबाई म्हणजे ताईची भावजय. तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळं घरात चहा झालाय हे सांगतानाही शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज लावायच्या. त्यांच्या हातात अजून ते पान होतं. अक्काचं पान. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, ताईची आत्या. ताईचे वडील अण्णा, मग अक्का, आणि दहा वर्षांनी मागून आलेले काका. आई लवकर गेली, म्हणून काकांना अक्कानंच न्हाऊमाखू घातलं. मग बाविसाव्या वर्षी तिनं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी मनानं लग्न केलं, आणि अण्णांनी तिला दार बंद केलं. तेव्हा काका बारा वर्षांचे होते.

पानावर एवढंच होतं आणि त्यापुढं थोडं. नवरा लवकर गेला. मूल झालं नाही. नंतर शिवणकामावर राहिली. शेजारीण सांगते, म्हातारी दाराला कधी कडी घालत नसे. चोर येईल म्हटलं की नुसती हसायची.

"कडी कशाला घालेल?" काका म्हणाले. "तिला सवयच नव्हती. या घरातूनही दार सताड टाकून गेली."

"काकांचं बरोबर आहे," वकील म्हणाला. वकील ताईचा धाकटा भाऊ, मास्तरीणबाईंचा नवरा. घरीसुद्धा पुरावा मागितल्याशिवाय मीठ घेत नसे. "ताई, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. एक ओळ पुरे होती. 'घर सोडून गेली, पुढं खबर नाही.' सगळ्या घराण्यांत एखादं असं असतं. त्यावर अख्खं पान कशाला? उद्या कोणी विचारलं, दार कुणी बंद केलं, की नाव येणार अण्णांचं."

"अहो, येऊ दे की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्यांनीच केलं होतं ना?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"मध्येच बसवलंय मला. कुठून बोलू?"

काका किंचित हसले आणि लगेच ते हसू गिळून टाकलं. "मला अण्णाचं काही नाही रे. त्यानं दार लावलं, तो तसाच होता. पण ती मला म्हणाली होती, 'सोनू, दर महिन्याला पत्र टाकीन.' मी तिच्या शब्दावर बसलो. दोन वर्षं घराच्या पायरीवर. पोस्टमन लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. शेवटी शेवटी तो बिचारा आमची गल्लीच चुकवायला लागला. एक कागद नाही. एक चिटोरं नाही." त्यांनी टेबलावर बोट टेकलं. "ते पान या पुस्तकात राहणार असेल तर गाठ दुसऱ्या कुणाकडून मारून घ्या. माझं पान पण काढा. तिच्याशेजारी मला शिवू नका."

ताईनं दोन वर्षं या क्षणाची धास्ती घेतली होती. घरातले सगळे समजत होते की निवृत्तीनंतर हिला वाडवडिलांचं वेड लागलं. वेड कसलं! तिला एका माणसाचं देणं होतं आणि ते थेट त्याच्यापुढं ठेवायची छाती होत नव्हती. म्हणून तिनं पणजोबांपासून सुरुवात केली. एवढी मोठी प्रदक्षिणा घालून ती शेवटी याच टेबलापाशी आली होती. आत्ता गप्प राहिली, पान काढलं, तर सगळं गोडीगुलाबीनं पार पडणार होतं. वकील खूश, काका खूश. आणि अक्का दुसऱ्यांदा घराबाहेर.

मास्तरीणबाईंनी टेबलाखालून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना ठाऊक होतं. घरात तेवढ्या एकीलाच.

"काका," ताई म्हणाली, "तिनं लिहिली होती पत्रं."

ती टेबलाकडं बघूनच पुढं बोलली.

"सात वर्षं लिहिली. दुकानाच्या पत्त्यावर. दुकानाचं टपाल अण्णा स्वतः पोस्टातून आणायचे."

"याला आधार काय?" वकिलानं विचारलं, अगदी सवयीनं.

ताई उठली. ठशांच्या खोक्यामागून तिनं पुठ्ठ्याची चपटी पेटी काढली आणि झाकण उघडलं. आत कागदाच्या पट्ट्या होत्या. दोन बोटं रुंद, वीतभर लांब. तपकिरी, कडक, एका अंगाला सरसाचे पापुद्रे.

"हे तर अस्तर आहे," काका म्हणाले. "पाठीचं."

बरोबर ओळखलं होतं त्यांनी. पुस्तक शिवून झालं की पाठीवर सरस लावून वर रद्दी कागदाची पट्टी चिकटवतात, म्हणजे पाठ धरून राहते. मग त्यावर कापड चढतं, कापडावर सोनेरी नाव, आणि आतली पट्टी पुस्तक फाटेपर्यंत कुणाच्या दृष्टीला पडत नाही. त्या दुकानात कागद कधी टाकला जात नसे. जुने हिशेब, फुकट गेलेल्या जाहिराती, लग्नाच्या उरलेल्या पत्रिका, सगळं पट्ट्या होऊन कुठल्या ना कुठल्या पुस्तकाच्या पाठीत जाई. बाइंडर कागद वाचत नाही. तो फक्त कुठल्या अंगानं निमूट वळतो ते बघतो आणि त्या अंगानं कापतो.

"माझ्या शाळेतली पुस्तकं ही," मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच शेवटच्या बाकापर्यंत गेला नाही. "वाचनालयातली जुनी काढून टाकत होते. एकाची पाठ निघाली होती, ताईंना दाखवायला आणलं. त्यांनी बघितलं आणि खालीच बसल्या. मग मी उरलेली गोळा केली. तीनशेपैकी चौदा मिळाली."

ताईनं पट्ट्या ओळीनं मांडल्या. पत्रं उभी कापलेली, म्हणून प्रत्येक पट्टीवर प्रत्येक ओळीतले दोन-तीनच शब्द. बाकीचे कुठल्या तरी दुसऱ्या पुस्तकात, कुठल्या तरी दुसऱ्या घरात. तिनं एक उचलली आणि वरून खाली वाचली.

"सोनूचा खोकला. तेल कोमट करून. घड्याळ त्याला. यायचं होतं पण. अजून रागावला." ती थांबली. "एवढंच आहे या पट्टीवर."

काकांचा हात पुढं आला. ती पट्टी त्यांनी डोळ्यांजवळ धरली, मग लांब, मग पुन्हा जवळ.

"तिचाच 'स'," ते म्हणाले. "पोटात गाठ मारल्यासारखा. मला शिकवताना तसाच काढायची."

कितीतरी वेळ ते त्या एका अक्षराकडं बघत बसले. मग विचारलं, "कुणी कापली?"

आणि इथं एक गंमत झाली, कडू गंमत. जो वकील तासभर अण्णांच्या नावाला धक्का लागू नये म्हणून झटत होता, तोच घाईघाईनं म्हणाला, "अण्णांनीच. दुसरं कोण? दुकान त्यांचं, टपाल त्यांचं. उघड आहे." बहिणीचा चेहरा त्याला दिसला होता. रक्ताचं माणूस असं असतं बघा, मेलेल्याला एका क्षणात सोडतं, समोर बुडणाऱ्याला धरायला.

ताईला तो हात दिसला. धरावासाही वाटला. अण्णा काही उठून नाही म्हणणार नव्हते.

"मी कापली," ती म्हणाली.

"ताई! अगं, असं कबूल नाही करत कोणी."

"सोळा वर्षांची होते. शाळेची तीनशे पुस्तकं आली होती, सुट्टी संपायच्या आत हवी होती. रद्दी संपली. अण्णा म्हणाले, वरच्या फळीवर एक गठ्ठा आहे, तो घे. शिलाईच्या दोऱ्यानं बांधलेला होता. मी दोरा सोडला, गठ्ठा मशीनखाली सरकवला आणि दाबलं. पहिला दाब झाल्यावर वरचा कागद दिसला. वर लिहिलं होतं, 'चिरंजीव सोनूस'. मला कळलं, काका. या घरात सोनू एकच. तुम्ही तिथं खिडकीपाशी ठसे लावत बसला होतात, माझ्याकडं पाठ करून. मी हाक मारायला हवी होती. एकच काप गेला होता, दोन तुकडे झाले होते, जुळवता आले असते. अण्णा दारात उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं आणि पुढचा दाब दिला. मग सगळेच दिले."

"तू पोर होतीस," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तेव्हा होते. पुढं कुठं होते? आत्या त्यानंतर तेहतीस वर्षं जिवंत होती. तेहतीस वर्षं मला एक वाक्य बोलायचं होतं. 'काका, तिनं लिहिलं होतं.' एवढंच. रोज तुमच्या शेजारी बसून जेवले आणि ते तेवढं बोलले नाही. आधी अण्णांची भीती. अण्णा गेल्यावर वाटलं, आता सांगून काय उपयोग. मग इतकी वर्षं का नाही सांगितलं याचंच उत्तर द्यावं लागेल, म्हणून गप्प. तिच्या गावी गेले ती तिच्यामागं सतरा वर्षांनी. खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं."

काकांनी दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"दिसतंयच, तू कापलीस ते," ते म्हणाले. "अण्णाची कापणी खाली जाताना तिरकी व्हायची. ही सरळ आहे. सोळाव्या वर्षीच तुझा हात बसला होता." आणि मग, अगदी हळू, "यांच्यावर नावं मी घातली. तीनशेच्या तीनशे. वर्ख लावून. आत ती होती आणि मी वरून भूगोल लिहीत होतो."

वकिलानं तोंड फिरवलं आणि छत्रीकडं बघत राहिला.

"अजून एक आहे," ताई म्हणाली. "ते मी वाचलेलं नाही. तुमच्याकडं आहे."

"माझ्याकडं?"

"तुमची पदांची वही."

काका जिथं जात तिथं ती वही जाई. देवाची पदं, त्यांच्याच अक्षरात उतरवलेली. रोज सकाळी आंघोळ झाली की ते त्यातलं एक पद म्हणत, सुरात असो नसो. आत्ताही ती पिशवीत होती. ती वही त्यांना सोळा वर्षांच्या पुतणीनं त्याच आठवड्यात बांधून दिली होती, आणि काकांनी घरभर कौतुक केलं होतं की पोरीनं न सांगता केली.

"मला ते कुणापाशी बोलवत नव्हतं," ताई म्हणाली. "म्हणून वाटलं, निदान एक पट्टी तरी ज्याची त्याला पोचू दे. तुमच्या वहीच्या पाठीत घातली. न वाचता. ढिगातली हाताला आली ती. पोरकट बुद्धी, काका. मला वाटायचं, रोज हातात असेल तर काही ना काही पोचत असेल."

काकांनी वही काढली. बावन्न वर्षांत पाठीचं कापड तेलकट काळं झालं होतं. त्यांनी ती टेबलावर ठेवली, दोन्ही तळवे तिच्यावर ठेवले आणि डोळे मिटले. मग ताईकडं सरकवली.

"फोड."

"काका, वही खिळखिळी होईल," वकील म्हणाला.

"पदं पाठ आहेत मला. फोड."

फोडायचं म्हणजे पातं घालायचं नाही. कापड सोलून पाठीवर पातळ खळ थापायची आणि जुना सरस आपणहून सैल व्हायची वाट बघायची. अर्धा तास तरी. ताईनं खळ लावली. चौघं बसून राहिले. मास्तरीणबाईंनी चहा केला, कुणी प्यायलं नाही. मध्येच काका म्हणाले, "खोकला मला खरंच व्हायचा. तेल कोमट करून छातीला लावायची." थोड्या वेळानं म्हणाले, "मी एकदा निघालो होतो तिला शोधायला. चाळिसाव्या वर्षी. स्टँडवर जाऊन बसलोसुद्धा. मग म्हटलं, तिला गरज नाही तर मला कशाला. परत आलो." ताईनं मान वर केली नाही. तो दिवस तिला आठवत होता. काकांनी येताना तिच्यासाठी पेरू आणले होते.

सरस सुटला. ताईनं हाडाच्या सपाट पट्टीनं कडेला हळूच उचललं, आणि कागद ओल्या सालीसारखा पाठीवरून निघून आला. तिनं तो उजेडाला उलटा केला. पट्टी कोरी दिसली. समासाची पट्टी. सगळ्या पट्ट्यांतून तिनं त्यांना दिली ती समासाची.

"बघू," काका म्हणाले.

त्यांनी ती घेतली, आणि बाइंडरचा हात, त्यानं ती आपोआप आडवी फिरवली. मग ताईलाही दिसलं. पत्रातली जागा संपल्यावर लिहिणारीनं कागद फिरवून समासात, खालून वर, एक लांब ओळ लिहिली होती. पुसट शिसपेन्सिलीनं, म्हणून आधी दिसली नव्हती, पण ओल्यातही टिकलेली. आडव्या ओळींचे सगळीकडं तुकडे झाले होते. ही उभी होती, कापणीच्या अंगानं गेलेली. तीनशे पुस्तकांत विखुरलेल्या सात वर्षांतलं हे एकच वाक्य ताईच्या हातून शाबूत सुटलं होतं.

काकांना ते वाचवेना. त्यांनी मास्तरीणबाईंकडं दिलं. त्यांनी वाचलं, जवळजवळ पुटपुटत.

"'सोनू, तू लिहीत नाहीस म्हणजे रागावला आहेस. राग गेला की ये. कितीही अवेळी आलास तरी हाका मारू नकोस, नुसतं दार ढकल, मी कडी...'" त्या थांबल्या. "पुढं सरसाचा डाग आहे."

पुढचं कुणाला वाचायची गरज नव्हती. अक्काचं पान तिथंच टेबलावर पडलं होतं.

काका रडले नाहीत. त्यांनी पट्टी घडी न घालता शर्टाच्या खिशात उभी ठेवली, ती वर डोकावत राहिली. ताई त्यांच्या पायांशी वाकायला गेली तर त्यांनी खांद्याला धरून थांबवलं.

"नको," ते म्हणाले. "रागावलोय मी तुझ्यावर. फार. तुला माफ करायला मला दिवस लागतील गं, आणि आता दिवस..." त्यांनी ते तिथंच सोडलं. खिडकीतून ऊन ठशांच्या खोक्यावर आलं होतं. "सुई ओव."

ताईनं शिवायला घेतलं. फर्म्यामागून फर्मा. पणजोबा, आजोबा, अण्णा. अक्काच्या पानापाशी ती थबकली.

"राहू दे ते," काका म्हणाले. "पण त्यात एक ओळ कमी आहे. पेन दे ताईला," ते मास्तरीणबाईंना म्हणाले. "लिही. 'तिचा भाऊ तिच्याकडं गेला नाही.'"

"काका, तुम्हाला माहीत कुठं होतं?" वकील म्हणाला.

"मला पत्रांची नव्हती खबर. पण बहीण होती ना? लिही. आणि ताई, तुझ्या पानावर तुझं तू लिही. आडवं लिही, कापता येईल असं." टोमणाच होता तो, पण गेल्या तासाभरात पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडं सरळ बघितलं होतं.

शेवटचा दोरा त्यांच्या हातात दिला. गाठ दोनदा सुटली. वकील मदतीला सरकला तर त्याला कोपरानं मागं ढकललं. तिसऱ्यांदा बसली.

तर माझ्या मायबापांनो, एवढंच होतं. आता उठाल, घरी जाल, दार लावाल. लावा, जग जसं आहे तसं आहे, त्याला कोण काय करणार. पण कडीला हात लागेल तेव्हा, ती सरकवायच्या आधी, एक क्षण थांबा आणि त्या शिवणकाम करणाऱ्या म्हातारीची आठवण काढा. आणि कुणाला सांगायचं एखादं वाक्य तुमच्यापाशी राहून गेलं असेल, तर आधी तेवढं सांगून या. तोवर दार नुसतं लोटलेलं असू द्या, तिच्या नावानं.